मका कुणाचा?

आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद चालू आहे. पूरग्रस्तांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने परदेशातून पैसे घेतले. म्हणजे ती माणसं डावी, म्हणजे देशाच्या मुळावर उठलेली. दादाचं म्हणणं, "मदत करणारा आधी कुणाचा ते कळू दे." २०१९च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो आले, तेव्हा त्याला हा प्रश्न पडला नव्हता. उत्तर पाकिटावरच छापलेलं होतं म्हणा.

मी शिकागोत राहते. पाहुणे आले की 'बीन' हे इथलं प्रसिद्ध शिल्प दाखवायच्या आधी मी त्यांना हॉलस्टेड स्ट्रीटवर हल हाऊसला नेते. समाजसुधारक जेन ॲडम्सने १८८९ साली स्थलांतरितांच्या वस्तीत हे समाजसेवेचं केंद्र सुरू केलं. त्याच साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेही बॉस्टनहून आलेल्या पैशांवर. पैसा कुणाचा, हेतू काय, हे तेव्हाही विचारलं गेलंच. (धर्मांतराचा वाद मी इथे सोडून देते. मला तो सोयीचा नाही.)

दादासाठी खरं उदाहरण रशियाचं. १९२१ साली व्होल्गाकाठी दुष्काळ पडला. महायुद्ध, यादवी, सरकारने शेतकऱ्यांच्या घरातून जबरदस्तीने उचललेलं धान्य आणि वर पावसाने दिलेली ओढ. पन्नास लाखांच्या आसपास माणसं मेली. लेखक गॉर्कीने जगाकडे भाकरी आणि औषधं मागितली, आणि धावून गेला कोण? अमेरिकेचा हर्बर्ट हूवर, बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांना, दारातही उभं न करणारा. ऑगस्टमध्ये रीगाला करार झाला, डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसने दोन कोटी डॉलर मंजूर केले, आणि पुढच्या ऑगस्टपर्यंत हूवरची मदतसंस्था रोज एक कोटीहून जास्त लोकांना जेवू घालत होती. लेनिनच्या राज्यात अमेरिकेचा मका! हूवर डावा होता का रे, दादा?

तो म्हणेल, इथल्या शेतमालाचे भाव कोसळले होते, माल खपवायचा होता. होताच. पोरं जेवली ना? उलट १९२२च्या शरद ऋतूत सोव्हिएत सरकार धान्य परदेशी विकायला निघालं, तेव्हा अमेरिकेत लोक खवळले, आणि मला तो राग पटतो.

सुधारकांचं तरी कुठे एकमत होतं? अमेरिकन पत्रकार ॲना लुईझ स्ट्राँग क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मदतकार्यातून व्होल्गाकाठच्या समाराला गेली, तिथे टायफसने आजारी पडली आणि तरीही जन्मभर क्रांतीची झाली. अराज्यवादी एमा गोल्डमन क्रांतीवर आस ठेवून तिथे पोचली आणि क्रोनश्टाटच्या बंडखोर खलाशांवर बोल्शेविकांनी गोळ्या चालवल्यावर १९२१च्या डिसेंबरात बाहेर पडली. दोघी एकाच वर्षी एकाच देशात. ॲडम्स मात्र भुकेल्यांना धान्य द्या, एवढंच सांगत राहिली. युद्धाला विरोध केल्यामुळे ती बदनाम होतीच, त्यात 'लाल' ही शिवी जोडली गेली. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' या देशभक्त बायांच्या संघटनेने तिचं सन्माननीय सभासदत्व काढून घेतलं. ते आपल्याला तहहयात दिलंय असं वाटलं होतं, पण बहुतेक वर्तन चांगलं असेपर्यंतच होतं, अशी तिची त्यावरची टिप्पणी. १९३१ साली तिला नोबेल मिळालं.

तर अमेरिकाही 'तू कुणाची' विचारते. हे ग्रुपवर लिहायचं मी टाळते, कारण दादाला तेवढंच हवं असतं.

गोल्डमन रशियात स्वखुशीने नव्हती गेली. ३४ वर्षं अमेरिकेत राहिल्यावर, १९१९च्या डिसेंबरात तिला २४८ जणांबरोबर ब्यूफोर्ड बोटीवर चढवून हाकललं. तिचं नागरिकत्व लग्नातून आलेलं. सरकारने आधी नवऱ्याचंच रद्द करून टाकलं होतं. माझं ग्रीन कार्डही नवऱ्याच्या नोकरीतून आलं आहे. लायब्ररीबाहेर टेबल मांडून कुणी सह्या गोळा करत असलं की मी फोन कानाला लावते. फूड पँट्रीला डबे देते, चिठ्ठीवर नाव लिहीत नाही. दादा सांगलीत बसून कुठल्याही सरकारला स्वतःच्या नावानिशी शिव्या घालतो. त्याला बोटीत बसवायला कुणी येणार नाही. मी तिथे मत द्यायला जात नाही, इथे मला देता येत नाही. हे त्याला सांगितलं तर तो म्हणेल, "मग ये की परत." आणि मला यायचं नाहीये.