महापौरपद 33 वर्षे टिकवण्याची रीत

एखाद्या मोठ्या शहराचे महापौर होऊन त्याच खुर्चीत म्हातारे होण्याची आपली इच्छा असेल, तर वाचकहो, तत्त्वज्ञानाची पुस्तके तूर्त माळ्यावर टाकावीत आणि फ्रान्समधील मार्सेय या बंदराच्या शहराचे समाजवादी महापौर गास्तों दफेर यांचे चरित्र अभ्यासाला घ्यावे. 1953 पासून 1986 मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांनी ही खुर्ची सोडली नाही, आणि एवढ्या काळात समाजवाद त्यांच्या फारसा आड आल्याचे दिसत नाही.

पहिली तयारी वृत्तपत्राची करावी. संपादकांचे उंबरठे झिजवणे हे हलक्या उमेदवारांचे काम. आपण थेट छापखानाच हाती घ्यावा. ऑगस्ट 1944 मध्ये मार्सेय जर्मनांच्या तावडीतून सुटत असताना, भूमिगत लढ्यात खरोखरच जीव धोक्यात घातलेल्या दफेर यांनी (येथे उपरोध नाही) जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या, म्हणजे व्हिशी राजवटीच्या, काळात निघत राहिलेल्या एका दैनिकाची कचेरी साथीदारांसह ताब्यात घेतली आणि तेथून ‘ल प्रोव्हाँसाल’ निघू लागले. नवशिका एवढ्यावर समाधान मानतो. दफेर यांनी पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘ल मेरिदियोनाल’ हे उजव्या मताचे प्रतिस्पर्धी दैनिकही आपल्याच पंखाखाली घेतले. डाव्या मार्सेयकराने सकाळी एक पत्र विकत घ्यावे, उजव्याने दुसरे, चहाच्या टेबलावर दोघांनी हमरीतुमरीवर यावे, आणि पैसे मात्र एकाच गल्ल्यात पडावेत, याहून सुदृढ लोकशाही आपणास कोठे मिळणार?

मित्र निवडताना गावात एक आणि राजधानीत दुसरा असा भेद ठेवावा. 1972 मध्ये पॅरिसमध्ये समाजवाद्यांनी कम्युनिस्टांबरोबर समान कार्यक्रमावर सह्या केल्या, तेव्हा मार्सेयच्या पालिकेत दफेर याच कम्युनिस्टांना दूर ठेवण्यासाठी मध्यममार्गी आणि उजव्या मंडळींबरोबर कारभार करीत होते, आणि ही सोयरीक 1977 पर्यंत सुखाने नांदली. विसंगतीचा आरोप झालाच, तर रेल्वेने जोडलेली असली तरी ही दोन शहरे एकमेकांपासून फार दूर आहेत, असे उत्तर द्यावे.

संसदेत शब्द जपून वापरण्याचे कारण नाही. एप्रिल 1967 मध्ये दफेर यांनी भर सभागृहात रने रिबिएर या गॉलवादी, म्हणजे जनरल द गॉल यांच्या पक्षाच्या, सदस्याला ‘गप्प बसा, मूर्खा’ असे सुनावले आणि माफी मागण्यास नकार दिला. दुसऱ्या दिवशी पॅरिसलगतच्या न्यूयी येथील एका बागेत दोघे लोकप्रतिनिधी कोट काढून, पांढऱ्या सदऱ्यांत, तलवारी घेऊन समोरासमोर उभे राहिले. रिबिएर यांचे लग्न एका दिवसावर आले होते. त्यांना दोन वार लागले आणि सामना थांबवण्यात आला. फ्रान्समधील हे शेवटचे द्वंद्व मानले जाते. आपल्या मतदारांना विकासाचे आकडे आठवणार नाहीत, तलवार मात्र आठवेल.

राष्ट्राध्यक्षपदाचा मोह तेवढा टाळावा. 1969 मध्ये दफेर यांनी तो टाळला नाही, आणि माजी पंतप्रधान पियेर मांदेस-फ्रान्स यांच्यासारखा भारदस्त सोबती असूनही त्यांच्या पदरी 5.01 टक्के मते पडली, तर कम्युनिस्ट जाक द्युक्लो 21 टक्क्यांच्या वर गेले. गल्लीतला दरारा दिल्लीत चालत नाही हे आपल्याला ठाऊक आहेच. पॅरिसमध्येही तो चालत नाही.

मात्र गृहमंत्रिपद देऊ केल्यास नाही म्हणू नये. 1981 मध्ये समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांनी ते दफेर यांना दिले. जन्मभर प्रीफेच्या, म्हणजे केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या, मंजुरीसाठी ताटकळलेल्या महापौराने 2 मार्च 1982 च्या कायद्याने प्रीफेचा तो पूर्वनियंत्रणाचा अधिकारच काढून घेतला. विकेंद्रीकरणाचा हा निर्णय मोलाचा होता, यात वाद नाही. पण आपल्या अभ्यासक्रमात त्याच वर्षी 31 डिसेंबरला आलेला दुसरा कायदा अधिक गुणांचा आहे. त्याने पॅरिस, लियों आणि मार्सेय या तीन शहरांची निवडणूक विभागवार ठरवली. मग मार्च 1983 मध्ये विरोधी जाँ-क्लोद गोदें यांच्या बाजूला शहरभरात थोडी अधिक मते मिळाली, आणि दफेर यांना अधिक जागा. मते मोजायची असतात, हे खरे; पण ती कोणत्या पेटीत मोजायची याची रेघ आपल्याच खात्याने आखलेली असली, की मोजणीच्या रात्री झोप बरी लागते.

अखेरची सूचना शागिर्दांविषयी. मे 1986 मध्ये पक्षाच्याच स्थानिक बैठकीत मिशेल पेझे यांच्या गटाने दफेर यांना अल्पमतात टाकले. त्या रात्री घरी परतल्यावर ते कोसळले आणि 7 मे रोजी वयाच्या 75 व्या वर्षी निवर्तले. पेझे यांना महापौरपद काही मिळाले नाही. 1983 मध्ये अधिक मते मिळवून हरलेले गोदें मात्र 1995 मध्ये त्या खुर्चीत बसले आणि 2020 पर्यंत उठले नाहीत. ते 1965 मध्ये पहिल्यांदा नगरसेवक झाले होते, दफेर यांच्याच यादीतून.