सगळ्यांना पाठ आहे म्हणून उत्तर बरोबर होत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या सामान्यज्ञानाच्या प्रश्नांची एक लांबलचक यादी फिरते आहे. वर मथळा, ‘खान्देशातील प्रत्येकाला माहीत असायलाच हवे’. खाली तळटीप, ‘सर्व उत्तरे तपासलेली आहेत. प्रश्नमंजुषेत हीच ग्राह्य धरावीत.’ आमच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी प्रश्नमंजुषा होते. शाळकरी मुलं, शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, रेल्वेतून निवृत्त झालेले काका, सगळे गट करून बसतात. प्रश्न काढण्याचं काम माझ्याकडे आहे. यादीतलं उत्तर आणि खरं उत्तर वेगळं निघालं की वाद होतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘ताई, सगळ्यांनी हेच वाचलंय, हेच धरा ना.’ मी धरत नाही. का, ते यादीतल्याच नोंदी घेऊन सांगते.

‘भारताचा राष्ट्रीय खेळ : हॉकी.’ सरकारने असा कोणताही खेळ कधी जाहीर केलेला नाही. धुळे जिल्ह्यातल्याच एका शिक्षकांनी २०२० मध्ये माहितीच्या अधिकारात केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाला हा प्रश्न विचारला होता. सर्वच लोकप्रिय खेळांना उत्तेजन द्यायचं असल्यामुळे कोणत्याही एका खेळाला राष्ट्रीय खेळ म्हणून घोषित केलेलं नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. म्हणजे ज्या शंकेचं निरसन आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने लेखी करून घेतलं, तीच चूक आपण ‘खान्देशाला माहीत हवी’ म्हणून पुढे पाठवतो आहोत. हॉकीचा मान यात कुठेच कमी होत नाही. भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीची ८ सुवर्णपदकं जिंकली, त्यातली १९२८ ते १९५६ पर्यंतची ६ सलग आणि शेवटचं १९८० मध्ये मॉस्कोला. विचारायचं तर हे विचारा.

‘भारताची राष्ट्रभाषा : हिंदी.’ राज्यघटनेत ‘राष्ट्रभाषा’ म्हणून एकाही भाषेचं नाव नाही. ३४३ व्या अनुच्छेदाने देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा ठरवली. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांतली एक. या नोंदीचा मला विशेष त्रास होतो. आमच्या खोलीत घरी अहिराणी बोलणारी मुलं असतात, सातपुड्याकडून शिकायला आलेली पावरी, भिलोरी बोलणारी मुलं असतात. त्यांच्या भाषा त्या २२ मध्येही नाहीत. घटनेत नसलेली गोष्ट आपण त्यांच्याकडून गुणांसाठी वदवून घ्यावी, हे मला पटत नाही.

‘पश्चिमेकडे वाहणारी भारतातील एकमेव नदी : तापी.’ खान्देशात बसून ही नोंद कोणी कशी लिहू शकतं? नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्द नर्मदेनेच आखलेली आहे. अक्कलकुवा, अक्राणीच्या डोंगरांना लागून ती महाराष्ट्राच्या सीमेवरून सुमारे ५४ किलोमीटर वाहते, तीही पश्चिमेलाच. तापीची लांबी ७२४ किलोमीटर, नर्मदेची १३१२. कोकणातल्या उल्हास, सावित्री, वाशिष्ठी या नद्याही सह्याद्रीवरून उतरून पश्चिमेच्या समुद्रालाच मिळतात. या चुकीमागे एक खरी गोष्ट दबलेली आहे. द्वीपकल्पातल्या गोदावरी, कृष्णा, महानदी, कावेरी या मोठ्या नद्या पूर्वेला जातात. नर्मदा आणि तापी मात्र खचदऱ्यांतून वाहतात, म्हणून त्यांची दिशा वेगळी. ‘एकमेव’ हा शब्द घुसवला की ही सगळी भूगोलाची गंमत निघून जाते आणि उरतं फक्त पाठांतर. तापीवर प्रश्न हवेच असतील तर उगम विचारा : मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यातलं मुलताई. पूर्णा तिला कुठे मिळते ते विचारा : मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेवला.

आता भास्कराचार्य. यादीत त्यांच्यावर एका ओळीत दोन दावे आहेत : ‘गुरुत्वाकर्षणाचा नियम न्यूटनच्या आधी भास्कराचार्यांनी सांगितला, जन्मस्थान पाटणादेवी.’ इथे थोडं थांबायला हवं, कारण हा आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि तो नीट मांडला तर अभिमान आणखी वाढतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. त्याच्या गोलाध्यायात ते म्हणतात की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते. आणि पुढे विचारतात की चहूबाजूंनी आकाश सारखंच असताना पृथ्वी स्वतः पडणार तरी कुठे? बाराव्या शतकातल्या माणसाचा हा प्रश्न मुलांना सांगितला की खोलीत सगळे गप्प होऊन विचार करायला लागतात. पण हा ‘नियम’ नव्हे. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं ते गणित होतं : दोन वस्तूंमधलं आकर्षण त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतं आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. सफरचंद आणि चंद्र दोघांनाही तोच हिशेब लागू पडतो, हे त्यातलं नवेपण. भास्कराचार्यांनी हे केलं असं म्हटलं की त्यांनी खरोखर जे केलं त्याच्याकडे कोणी बघतच नाही. शून्याने भागलं तर काय होतं याचा त्यांनी केलेला विचार आणि ‘खहर’ ही त्या राशीसाठी त्यांनी वापरलेली संज्ञा, दोन अज्ञातांची अनिश्चित वर्गसमीकरणं पूर्णांकांत सोडवण्याची चक्रवाल रीत, यांतलं एकही त्या यादीत नाही.

जन्मस्थानाचं म्हणाल तर चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, साधारण १२०७ सालचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि त्यासाठी दान मिळालं, हे त्या शिलालेखात आहे. आजोबांचा जन्म इथे झाला असं काही त्यात नाही. स्वतः भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं ‘विज्जडविड’ म्हणून सांगतात आणि ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आठशे वर्षांपूर्वी आपल्या भागात खास गणित आणि ज्योतिष शिकवण्यासाठी मठ उभा राहिला, हा कातळावरचा पुरावा हाताशी असताना जन्मस्थानाचा वाद अंगावर घेण्याची गरजच काय?

याच पानावर ‘शून्याचा शोध : आर्यभट’ असंही आहे. शून्य एका माणसाने एका दिवशी शोधलेलं नाही. शून्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये लिहिले, ‘आर्यभटीय’च्या सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर. प्रश्न तसा विचारला तर त्याला उत्तर आहे.

‘साने गुरुजींचे जन्मगाव : अमळनेर.’ गुरुजी जन्मले २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोलीजवळच्या पालगडला. अमळनेरला ते १९२४ मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडून गेले. परगावचा एक तरुण मास्तर सहा वर्षांत खान्देशाचा इतका होतो की लोकांना तो इथेच जन्मला असं वाटतं. हे जन्मगावापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि खोट्या जन्मगावाने नेमकं तेच झाकलं जातं.

‘इतिहासाचार्य राजवाडे यांनी धुळ्यात स्थापन केलेली संस्था : राजवाडे संशोधन मंडळ.’ वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. ही संस्था त्यांच्या पश्चात, त्यांच्या स्मरणार्थ उभी राहिली. त्यांनी स्वतः स्थापन केलेलं ते पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० चं. गावोगाव हिंडून दप्तरं धुंडाळणाऱ्या आणि अस्सल कागद पाहिल्याशिवाय विधान न करणाऱ्या माणसाबद्दल तरी न तपासलेलं लिहू नये.

‘अजिंठा लेणी : जिल्हा जळगाव.’ रेल्वेने येणारा प्रवासी जळगावला उतरतो, एवढंच. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत.

बाकीच्या नोंदी पटापट घेते. महाराष्ट्रातले जिल्हे ३५ नाहीत. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६ आहेत. सर्वाधिक चंद्र गुरूचे नाहीत, शनीचे आहेत, मार्च २०२५ च्या मोजणीनुसार २७४. चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. काही मीटर रुंदीची भिंत सुमारे ३,८४,००० किलोमीटरवरून दिसणं शक्यच नाही, आणि चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांना २००३ मध्ये पृथ्वीच्या कक्षेतूनही ती दिसली नव्हती. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलेलं नाही. युनेस्को अशी क्रमवारी लावतच नाही.

‘आशियातील सर्वात मोठे’ या सदरातल्या सगळ्या ओळी मी सरसकट वगळते, भुसावळच्या रेल्वे यार्डाचीही. मोठं कशाने? रुळांच्या लांबीने, डब्यांच्या संख्येने, की जागेने? आणि कोणत्या साली? हे न सांगता विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नसतं. भुसावळचं महत्त्व सांगायला असा किताब लागत नाही.

‘मित्रामित्रांतला खेळ आहे, एवढा कीस कशाला?’ असंही म्हणतात. खेळ मैत्रीचा आहे म्हणूनच. जे पोर घरी घटना उघडून वाचतं आणि ‘राष्ट्रभाषा कोणतीच नाही’ असं उत्तर देतं, त्याला शून्य गुण देऊन यादी पाठ करणाऱ्याला दहा द्यायचे? पुढच्या शनिवारी ते पोर वाचून येणार नाही. म्हणून आमच्याकडे प्रश्नाच्या चिठ्ठीवर उत्तर कशावरून घेतलं ते लिहिलेलं असतं. बदलू शकणाऱ्या आकड्यापुढे साल असतं. कोणत्याही गटाला हरकत घेता येते आणि पुरावा दाखवला तर गुण त्यांचे.

आणि ‘स्पर्धा परीक्षेत हीच उत्तरं धरतात’ हा युक्तिवाद तर भरतीच्या पोरांसाठी घातक आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि मगच अंतिम उत्तरतालिका काढतो. त्या हरकतीसोबत पुरावा द्यावा लागतो. तिथे घटनेचा अनुच्छेद चालतो, राजपत्र चालतं, प्रमाण ग्रंथ चालतो. ग्रुपवर आलेली यादी तिथे कोणी पुरावा म्हणून जोडत नाही.