प्रश्न कार्ट्रिजचा नाही, फाइल कुठून आली त्याचा आहे (थ्रीडीएसच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण पोकळ नाही. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात: निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर कार्ट्रिज (गेम साठवलेलं छोटं कार्ड) न लावता गेम कसे बसवायचे ते मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ही सरळसरळ चोरीची शिकवणी आहे. तुमच्या भाच्याने लेख वाचला आणि दुकानातून शंभरेक गेम भरून आणले. मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरवणाऱ्यांवर मी एरवी तुटून पडतो, मग जपानी कंपनीचं नुकसान ते नुकसान नव्हे का, असं तुम्ही विचारलंत. आणि लेख काढून टाका, असंही.

'कार्ट्रिजशिवाय' या शब्दाचा जो धसका तुम्ही घेतलाय तो मला पटत नाही. कार्ट्रिजशिवाय गेम ही कल्पना मुळात कंपन्यांचीच. सोनीने २००९ साली पीएसपी गो हा हातातला कन्सोल विकायला काढला, त्यात डिस्क घालायला जागाच नव्हती. ज्यांच्याकडे यूएमडीवर (आधीच्या पीएसपीच्या छोट्या डिस्कवर) गेम होते त्यांना ते नव्या यंत्रात नेण्याची सोय दिली नाही. थ्रीडीएसवर २०११ पासून ईशॉप हे निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान होतं आणि तिथून घेतलेला गेम एसडी कार्डावरच बसायचा. आता २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच टू या कन्सोलसाठी काही गेम अशा कार्डांवर मिळतात की कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि खेळताना कार्डही आत लावून ठेवायचं. तेव्हा कार्डावर बसवलेला गेम म्हणजे चोरीचा गेम, हे समीकरण कंपनीलाही मान्य होणार नाही. विचारायचा प्रश्न एकच: ती फाइल आली कुठून?

थ्रीडीएसवर गेम ज्या पॅकेजमधून बसतो त्याला सीआयए फाइल म्हणतात. ती हातात येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, तुमचं स्वतःचं कार्ट्रिज खाचेत लावायचं, गॉडमोड नाइन नावाच्या प्रोग्रॅमने ते वाचायचं आणि त्यातूनच फाइल काढायची. याला डंप करणं म्हणतात. मग ती फाइल एफबीआय नावाच्या अ‍ॅपने बसवायची. (हो, अ‍ॅपचं नाव खरंच एफबीआय आहे. ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती.) दुसरा मार्ग, कुणीतरी कुठेतरी काढलेली फाइल इंटरनेटवरून उतरवायची. लेखात फक्त पहिला मार्ग आहे. एकही लिंक नाही आणि साइटचं नावही नाही. पुन्हा वाचून बघा.

हे शक्य होतं ते यंत्रातल्याच एका चुकीमुळे. थ्रीडीएस सुरू होताना जो पहिला कोड चालतो तो चिपमध्येच कोरलेला आहे, आणि पुढचा कोड कंपनीचाच आहे ना हे पाहण्यासाठी डिजिटल सही तपासण्याच्या त्याच्या पद्धतीत भोक आहे. २०१७ मध्ये त्या भोकातून शिरणारा बूटनाइनस्ट्रॅप नावाचा प्रोग्रॅम आला. चिपमधला कोड अपडेटने बदलता येत नाही, त्यामुळे विकल्या गेलेल्या कन्सोलांपुरता तो दरवाजा कायमचा उघडा राहिला. दुसरीकडे, कार्डावर बसलेला गेम त्या त्या कन्सोलच्या किल्लीने बंद असतो. माझं कार्ड काढून तुमच्या थ्रीडीएसमध्ये घातलंत तर काही चालणार नाही. म्हणजे डंप करून बसवलेला गेम माझ्याच यंत्रात राहतो. मोकाट फिरते ती सीआयए फाइल.

आता कायदा. मी वकील नाही, पण कलमं वाचली आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रॅमसाठी एक सवलत आहे. ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याने, त्याच प्रतीवरून, ती हरवू किंवा बिघडू नये एवढ्यापुरती राखीव प्रत काढली तर तो भंग ठरत नाही. 'त्याच प्रतीवरून' हे माझे शब्द नाहीत, कायद्याचे आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं: कंपनीने घातलेलं कुलूप तोडणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण तिथे हक्कांचा भंग करण्याचा हेतू लागतो. नुसतं कुलूप उघडणं पुरेसं नाही. गेममध्ये प्रोग्रॅमखेरीज चित्रं असतात, संगीत असतं, त्यांना ही सवलत लागू होते का यावर वकील खुशाल भांडू शकतात. तरीही स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत स्वतःसाठी काढणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. अमेरिकेतल्या वाचकांना मात्र हे लागू नाही. तिथला १९९८ चा कायदा कुलूप तोडण्याबाबत बराच कडक आहे, त्यामुळे तिकडे राहून माझ्या लेखावर विसंबू नका.

इथपर्यंत तुमच्या विरोधात बोललो. आता ज्यांनी तुमच्या प्रतिक्रियेखाली तुमची टर उडवली त्यांच्याकडे वळतो, कारण त्यांच्यापेक्षा तुम्ही मला जवळचे वाटता.

'कार्ट्रिज माझ्याकडे आहे ना, मग डंप कशाला करत बसू, डाउनलोड केलं तर काय बिघडलं?' असं एकाने लिहिलंय. बिघडलं हे की ती प्रत तुमच्या प्रतीवरून निघालेली नाही. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत सारखी असेलही, पण टॉरेंटवरून उतरवताना तुम्ही ती दुसऱ्यांना वाटतही असता, आणि तेव्हा 'फक्त माझ्यापुरती' ही ढाल उरत नाही. दुसऱ्याने जुनीच अफवा काढली: चोवीस तासांत डिलीट केलं की कायदेशीर. असं काही कुठल्याही कायद्यात नाही. रॉम साइटवाल्यांनी (गेमच्या फाइली वाटणाऱ्यांनी) स्वतःच्या सोयीसाठी पसरवलेली थाप आहे ती, आणि तिचं वय पाहता आतापर्यंत तिला पेन्शन मिळायला हवी होती. तिसऱ्याने विचारलंय, डंप करून कार्ट्रिज ओएलएक्सवर विकून टाकलं तर? मग कायदेशीर प्रत तुमच्याकडे राहिली नाही, आणि तिच्या जोरावर ठेवलेली राखीव प्रतही पुसायला हवी. दोन्ही हातांत लाडू मिळणार नाहीत.

शेवटच्या या प्रकाराने तिसऱ्याच माणसाचं नुकसान होतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलच्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये त्याचं स्वतःचं वेगळं प्रमाणपत्र असतं. कुणी डंप करून कार्ट्रिज विकलं आणि आपली प्रत फ्लॅश कार्डवर (डंप केलेल्या फाइली चालवणाऱ्या कार्ट्रिजवर) चालूच ठेवली, तर एकच प्रमाणपत्र दोन यंत्रांतून ऑनलाइन दिसतं. २०२५ मध्ये अशा बातम्या आल्या की जुनी कार्ट्रिजं पैसे मोजून घेतलेल्या माणसाचाच कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाद झाला. वापरलेले गेम घेऊन खेळणारा आपल्याकडचा मध्यमवर्गीय पोरगा यात भरडला जाऊ शकतो. क्योटोतल्या कंपनीच्या तोट्याने तुमच्या टीकाकारांच्या डोळ्यात पाणी येत नसेल, तर निदान याने यावं.

पीडीएफच्या मुद्द्यावर येतो. तुम्ही तिथे मला बरोबर पकडलंय असं तुम्हाला वाटतं. पण मी जे म्हणतो ते दोन्हीकडे एकच आहे. कपाटातलं स्वतःचं पुस्तक स्कॅन करून कुणी टॅबवर वाचलं तर मी कधी ओरडलो नाही. ओरडतो तो गेल्या महिन्यात आलेली कादंबरी हजार जणांच्या ग्रुपवर टाकणाऱ्यावर. आपल्याकडे मराठी पुस्तकाची आवृत्ती किती छोटी असते, तुम्हाला माहीत आहे. तिथे एका ग्रुपने फरक पडतो. गेमचंही तेच. 'झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम' हा गेम १२ मे २०२३ ला यायचा होता, आणि त्याआधीच फुटला. बाहेर पडण्यापूर्वीच दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला गेला, असा निन्टेन्डोचा दावा होता. पुढच्या वर्षी युझू नावाचा एम्युलेटर (संगणकावर कन्सोलचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) बनवणाऱ्यांवर खटला भरला गेला, त्यांनी २४ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि काम बंद केलं. त्याच गटाचा थ्रीडीएसचा एम्युलेटर सिट्राही त्यात गेला. आठवड्याभरापूर्वीची किंवा आठवड्याने येणारी वस्तू उचलणाऱ्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. मोठी कंपनी असली म्हणून काय झालं.

जुन्या गेमचं गणित मात्र वेगळं आहे, आणि इथे आपलं जमणार नाही असं दिसतं. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोने थ्रीडीएसच्या ईशॉपवरची विक्री बंद केली. आधी घेतलेलं पुन्हा उतरवता येतं, नवीन काही विकत घेता येत नाही. फक्त डाउनलोड म्हणूनच आलेले, कार्ट्रिज कधी निघालंच नाही असे कित्येक गेम त्या दिवशी बाजारातून गेले. आज मी पैसे घेऊन उभा राहिलो तरी घ्यायला कुणी नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्येच पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के कुठेही विकत मिळत नाहीत असं निघालं. आपल्याकडे तर भारतासाठी थ्रीडीएसचं ईशॉप कधी नव्हतंच. खातं अमेरिकेचं करा, तिथली कार्डं कुणाकडून तरी मागवा, असले उद्योग करावे लागायचे. त्यात रीजन लॉक. लंडनच्या मावशीने युरोपचा कन्सोल दिला आणि न्यू जर्सीच्या मामाने अमेरिकेचं कार्ट्रिज आणलं की दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पूर्ण पैसे मोजलेले असूनही.

अशा, कुणीच विकत नसलेल्या गेमची फाइल कुणी उतरवली तर ते बेकायदा आहे का? आहे. कॉपीराइट दुकानाच्या शटरबरोबर बंद होत नाही. पण मला त्याचा राग येतो का? नाही. कारण तिथे बनवणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही आणि ती वस्तू जिवंत राहते ती अशा लोकांमुळेच. हे माझं मत आहे, कायदेशीर सल्ला नाही, म्हणून मी लेखात त्याचा मार्ग दाखवला नाही आणि दाखवणारही नाही.

लेख राहील. प्रतिक्रियांमधल्या लिंका मी आधीही उडवत होतो, पुढेही उडवीन, विनवण्या करू नका.

राहिला तुमचा भाचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आर-फोर कार्डं (थ्रीडीएसच्या आधीच्या निन्टेन्डो डीएसवर उतरवलेले गेम चालवणारी) भरून मिळायची त्या काळापासून हा धंदा चालत आलाय, माझा ब्लॉग नव्हता तेव्हाही. त्याच आर-फोरविरुद्ध निन्टेन्डो आणि पन्नासहून जास्त गेम कंपन्या टोकियोच्या कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये तिथे त्याच्या विक्रीवर बंदी आली. दुकानदाराने भाच्याकडून सगळ्या गेमचे पैसे घेतले, आणि ज्यांनी ते बनवले त्यांना त्यातली एक दमडी गेली नाही. तुमच्या रागाला खरा मालक तो आहे. पोराला चोर म्हणू नका, त्याला बहुतेक आपण ग्राहक आहोत असंच वाटलं असेल.

एक विचारून घ्या. वर सांगितलं तसं नुसत्या कार्डावर बसवलेला गेम मिळत नाही. तेव्हा एकतर दुकानदाराने सीआयए फाइली टाकून दिल्या आणि भाच्याने घरी बसवल्या, नाहीतर कन्सोलच दुकानात ठेवून आला. कन्सोल दिला असेल तर त्यात काय काय घातलंय ते माहीतगार माणसाकडून तपासून घ्या. आणि रागाच्या भरात कार्ड फॉरमॅट मारू नका, त्याचे स्वतःचे घेतलेले डाउनलोड आणि सेव्हही (खेळात कुठवर पोचला त्याची नोंद) त्यातच असतील. चेकपॉइंट नावाचं अ‍ॅप आहे, त्याने आधी सेव्ह बाहेर काढा, मग कन्सोलच्या सेटिंगमधल्या डेटा मॅनेजमेंटमधून नको ते गेम एकेक करून पुसा. पुढे त्यातल्या एखाद्याचं जुनं कार्ट्रिज मिळालं, तर रीजन तोच असल्यास चेकपॉइंटनेच तो सेव्ह त्यात घालता येतो. कुठे अडलात तर इथेच विचारा.