घड्याळाकडे बघू नका म्हणे

आज रविवार, आणि सकाळी सातलाच दादाने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. ‘तरुणांनो, पहिली दहा वर्षं घड्याळाकडे बघू नका.’ वर उगवता सूर्य, खाली जोडलेले हात. याआधी चार ठिकाणांहून आला होता, तेव्हा मी सोडून दिला. पण या वेळी तो माझ्या भाचीसाठी होता. पोरगी काल, शनिवारी, रात्री साडेअकराला हिंजवडीच्या ऑफिसातून घरी आली आणि आज रविवारी ठेवलेल्या ऑफिसच्या कॉलला नाही म्हणाली. त्यावर बापाचं हे उत्तर!

‘जर्मनी-जपान युद्धानंतर आठवड्याला सत्तर तास राबून उभे राहिले.’ 2023 मध्ये नारायण मूर्तींनी हाच दाखला दिला, तेव्हापासून तो फिरतोय. युद्धानंतर तिथल्या लोकांनी हाडाची काडं केली, नाही कोण म्हणतं? पण 1956 मध्येच जर्मन कामगार संघटना ‘शनिवारी बाबा माझे’ म्हणत पाच दिवसांचा, 40 तासांचा आठवडा मागत होत्या. आणि जपानमध्ये कामाच्या अतिरेकाने येणाऱ्या मरणाला वेगळा शब्दच आहे, करोशी. ते थांबवायला 2014 मध्ये कायदा करावा लागला. हे अर्धं मेसेजमधून गळलं.

‘आपले वाडवडील गिरणीत राबले, कधी तक्रार केली नाही.’ दादा, हे तू पुढे पाठवतोस? ज्या रविवारी निवांत बसून पाठवलंस, ती रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी भांडून 1890 मध्ये मिळवली. कारखाना कायद्यात आठवड्याचे 54 तासांचे 48 झाले ते 1946 मध्ये, आणि ते विधेयक मजूर खातं सांभाळताना डॉ. आंबेडकरांनी आणलं होतं. आपले बाबा भोंगा झाला की पाळी सोडून घरी यायचे. 1982 च्या संपात बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत.

आता खरं डोकं फिरवणारी ओळ. ‘कंपनी म्हणजे कुटुंब. तिला दिलेला एकही तास ती विसरत नाही.’

एकवीस वर्षं मी एका कंपनीत पगारपत्रकं काढली. कंपनीला काय आठवतं ते मला विचारा. डिस्पॅचला एक गृहस्थ होते, नोकरी सतरा वर्षं. हजेरीच्या मशीनवर त्यांची बाहेर पडायची वेळ रोज रात्री नऊ-साडेनऊ. राज्याच्या कायद्यात आठवड्याला 48 तासांपुढच्या कामाला दुप्पट दर आहे, पण देखरेखीच्या किंवा व्यवस्थापकाच्या पदाला तो लागू नाही. म्हणून यांच्या नावापुढे ‘एक्झिक्युटिव्ह’ लावलेलं. हाताखाली माणूस एकही नाही. एका गुरुवारी तीन वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चार वाजता त्यांच्या कार्डाने दार उघडेना. वॉचमन त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. चार पुडांचा डबा खणातच राहिला. सोमवारी मी तो घासून ठेवला, नंतर त्यांचा मुलगा येऊन घेऊन गेला.

त्यांचा फुल अँड फायनल मीच केला. आयडी कार्ड जमा, लॅपटॉप जमा, शिल्लक रजा, नोटिशीचा पगार आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटीचा हिशेब मला झोपेतही येतो: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. रोज सहाला घरी जाणारा आणि साडेनऊला जाणारा, दोघांना सारखीच. तासांचा रकानाच नाही त्यात.

‘कामाने कोणी मरत नाही.’ जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2021 चा अभ्यास आहे. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त आणि हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्के जास्त. 2016 या एका वर्षात असे 7 लाख 45 हजार मृत्यू. मेसेज सांगतो सत्तर. पुण्यात 2024 मध्ये गेलेल्या त्या तरुण सीए मुलीच्या आईचं, पोर कामाच्या ताणाने गेली म्हणणारं, पत्र तूच मला पाठवलं होतंस, आठवतं?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. सुरुवातीला जास्त बसलं की शिकायला मिळतं. मीही मार्च एंडला रात्री दहापर्यंत बसूनच टीडीएस आणि पीएफ शिकले. पण शेजारी साहेब खुर्ची ओढून बसायचे, चुका दाखवायचे, आणि एप्रिल लागला की सहाला घरी पिटाळायचे. भाचीला रात्री अकरापर्यंत कोण काय शिकवतं ते तिला विचारलंस का?

बाकीचे मुद्दे, म्हणजे ‘मोबाइल बघायला वेळ असतो’ वगैरे, त्यांना उत्तर द्यायला मला वेळ नाही.

वहिनीचा आत्ताच फोन आला होता. पोरगी अजून झोपली आहे म्हणाली. दादा, तिला उठवू नकोस.