पाउचवरचा बाण, आजीची आठवण आणि डिटर्जंट

नमस्कार बाब, एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. तुमचा राग थोडक्यात असा, की फोंड्याजवळच्या त्या घरातला खाकी पाउच १९६१ ला, गोवा मुक्तीच्या वेळी, पळणाऱ्या पाकल्यानं (पोर्तुगीज सैनिकानं) टाकला असं तिथली आजी सांगते, आणि मी नुसता शिक्का बघून 'महायुद्धातला, हिंदुस्थानी बनावटीचा' लिहून तिला खोटं पाडलं. शिवाय शिक्का काय कोणीही मारेल, आणि निदान धुवून तरी फोटो काढायचा.

आजीला मी खोटं पाडलेलं नाही हो. शिक्का फक्त माल कुठं आणि कधी बनला ते सांगतो, कोणाच्या पट्ट्याला लटकत होता ते नाही. बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), त्याच्याखाली आय अक्षर आणि १९४२, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात पास झालेला माल. कॅनडाचा असता तर बाण सी च्या पोटात दिसला असता, ऑस्ट्रेलियाचा असता तर दोन डी च्या मधे. नुसत्या आकारावर गेलात तर हमखास फसाल, कारण हे १९३७ पॅटर्नचं वेबिंग (सैनिकाचे जाड सुती पट्टे आणि पाउच) अर्ध्या जगानं वापरलं, पोर्तुगीजांचं नंतरचं वेबिंगसुद्धा त्याच धर्तीचं, लांबून बघून मलाही फरक सांगता येणार नाही.

आता गंमत बघा. १९६१ ला आपल्या जवानांकडेपण हेच ३७ पॅटर्न होतं, खांद्याला तीच .३०३ रायफल, आणि १८ डिसेंबरला फोंड्याच्या दिशेनं जी तुकडी आली ती २ पॅरा, मराठा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची मराठा बटालियन. म्हणजे त्या दिवसांत दारावरून सैनिक गेले आणि एकाचा पाउच मागे राहिला, ही आजीची आठवण शंभर टक्के खरी असू शकते, फक्त तो पाकलो नसून सातारा-कोल्हापूरकडचा कोणी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. किंवा महायुद्धानंतर लष्कराचा उरलेला, सर्प्लसचा माल बाजारात आलाच होता, मुंबईला कामाला असलेल्या कोणी घरी आणला असेल, तेही नाकारता येत नाही. म्हणून माझ्या वहीत शिक्का एका रकान्यात आणि घरच्यांचं सांगणं दुसऱ्या रकान्यात, दोन्ही असतात.

शिक्का बनावट? अहो, खोटाच मारायचा तर लोक जर्मन मारतात, हिंदुस्थानी पाउचला गिऱ्हाईक कुठाय!

आणि धुण्याचं तर नावच काढू नका. हे शिक्के शाईचे, कापडावर मारलेले, एका धुण्यात फिके पडतात, आणि वर जो हिरवट थर तुम्हाला घाण वाटला तो जुना ब्लँको असू शकतो, जवान स्वतः वेबिंगला फासायचे तो रंगाचा लेप, तोच तर पुरावा. दुसरं म्हणजे आम्ही युव्ही टॉर्च मारून बघतो, नवीन कापड आणि दोरा निळसर चमकतो कारण त्यात चमक आणणारी केमिकल्स असतात, पण तीच केमिकल्स आजच्या धुण्याच्या पावडरीतपण असतात, मग १९४२ चा अस्सल पाउचसुद्धा एकदा धुतला की कालच्या नकलेसारखा चमकतो आणि ती टेस्टच गेली कामातून. पितळेच्या बकलालाही चिंच लावू नका, हिरवी बुरशीसारखी पूड आली तर लाकडी काडीनं कोरडी खरवडा, पुरे. आपल्याकडच्या पावसात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, सुती कपड्यात गुंडाळा आणि अधूनमधून वारा द्या.

तुम्ही पाठवलेल्या 'महायुद्धातल्या' कोटाचं म्हणाल तर बटणांवर अशोकस्तंभाचे सिंह आहेत, म्हणजे बटणं १९५० च्या आधीची नाहीत. कोट त्याआधीचा असू शकतो, बटणं बदलली जातात. तेव्हा बटण जिथं शिवलंय तिथला दोरा मागच्या बाजूनं, उन्हात धरून, जवळून फोटो काढून पाठवा, आणि आतल्या खिशाच्या अस्तरावर काही छापलंय का तेही बघा. फक्त आधी इस्त्री करू नका.