प्रश्नाची विरळणी

फार्म.डी. या औषधशास्त्राच्या पदवीच्या पाचव्या वर्षी सहा महिन्यांचा रुग्णालयीन प्रकल्प करायचा असतो आणि त्याचा प्रश्न आपला आपणच शोधायचा असतो, हे ऐकून मला झालेला आनंद पंधरवडाभरही टिकला नाही. माझा पहिला विषय होता 'नाशिक जिल्ह्यातील मधुमेही रुग्णांचा औषधोपचार, औषधांच्या आंतरक्रिया, खर्च आणि जीवनमान यांचा सर्वंकष अभ्यास'. 'सर्वंकष' हा शब्द मी मोठ्या कौतुकाने अधोरेखितही केला होता. मार्गदर्शक मॅडमनी कागद वाचला, चष्मा पुसला आणि विचारले, "जिल्ह्यात तालुके किती?" मी म्हटले, "15." "मग सुरगाण्याला कोणत्या वारी जाणार?"

दुसऱ्या खेपेस मी एक दुर्मीळ आजार निवडला. तो इतका दुर्मीळ निघाला की वर्षभरातला एकुलता एक रुग्णही मुंबईला हलवला गेला होता.

त्या रविवारी निफाडला मामांच्या द्राक्षबागेत थिनिंग, म्हणजे घडांतल्या मण्यांची विरळणी, चालू होते. चांगले हिरवे मणी कात्रीने खाली पडताना पाहून माझा जीव हळहळला, तेव्हा मामा म्हणाले, "सगळे ठेवले तर एकही धड फुगायचा नाही." परतताना बसमध्येच मी जिल्हा छाटला, मग मधुमेह, खर्च आणि शेवटी, जड अंतःकरणाने, 'सर्वंकष'. उरले ते इतकेच: अस्थिरोग विभागातील नियोजित शस्त्रक्रियांत सेफाझोलिन हे प्रतिजैविक चीर देण्यापूर्वीच्या 60 मिनिटांत दिले जाते का? चीर पडते त्या क्षणी ऊतींमध्ये औषधाची पुरेशी मात्रा असावी लागते, म्हणून ही मर्यादा. औषधाची आणि चिरेची वेळ टिपायची आणि वजाबाकी करायची, एवढेच काम. मॅडम प्रथमच हसल्या, आणि यथावकाश रुग्णांवरचे संशोधन तपासणाऱ्या एथिक्स कमिटीनेही मान्यता दिली.

पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाला औषध 9 वाजून 10 मिनिटांनी आणि चीर 9 वाजून 6 मिनिटांनी दिल्याची नोंद सापडली. नियमभंगाचा एवढा ढळढळीत पुरावा हाती लागल्याच्या आनंदात मी सिस्टरांकडे धावले. त्यांनी आधी वॉर्डातल्या घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "अहो मॅडम, थिएटरमधलं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे. सेल उतरलाय त्याचा."

संध्याकाळी मेनरोडवरून मी नवा सेल आणला. मॅडमनी मात्र हात वर करून मला थांबवले: अभ्यास सुरू झाल्यावर मोजमापाचे साधन परस्पर बदलता येत नाही, त्यासाठी कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. कमिटीची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. तोवर सेल माझ्या एप्रनच्या खिशात आहे.