सोयाबीन विका, गेम डेव्हलपर व्हा

राजेहो, पोलीस भरतीत धावण्यात मार खाल्ला, तलाठ्याच्या परीक्षेत थोडक्यात राहिलात, आणि डी.एड. करून बसलेला मोठा भाऊ रोज समोर दिसतोच. आता उशीर करू नका. तालुक्याला कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर 'गेम डेव्हलपमेंट डिप्लोमा, १००% प्लेसमेंट' असा बोर्ड लागलेला आहे. जिना चढा.

पात्रतेची काळजी नको. तुम्ही रात्री दोनपर्यंत बीजीएमआय, म्हणजे पब्जीचा भारतीय अवतार, खेळता, सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा तुमच्या घरी सुतक होतं, एवढं पुष्कळ झालं. लग्नात पाच पंगती बसून जेवलेला माणूस आपोआप आचारी होतो, तसंच हे. गणित कच्चं असेल तर उत्तमच. काउन्सिलर मॅडम स्वतःच सांगतील की इथं गणित लागत नाही, 'क्रिएटिव्हिटी' लागते. ती तुमच्याकडे आहेच. दहावीच्या वहीच्या शेवटच्या पानावर बंदूक काढली होती ना?

फी दीड लाख. घाबरू नका, हिशेब सोपा आहे. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे अठ्ठावीस क्विंटल आणि वर थोडं. कोरडवाहूत पाच-सहा एकरांचं पीक. अर्थात व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून भाव पाडला नाही, आणि नाफेडच्या केंद्रावर नंबर लागला तर. बापाला हे शेवटचं वाक्य सांगू नका, ते त्याला पाठ आहे.

बापाला पटवणं मात्र जिकिरीचं. 'गेम' म्हटलं की तो विचारणार, "थे रम्मीवालं त सरकारनं बंद केलं म्हन्ते ना बे?" यावर खरं उत्तर असं की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली, आणि ज्यात पैसा लावायचा नसतो ते गेम त्यात येत नाहीत. पण एवढं लांबण लावत बसू नका. "बाबा, कॉम्प्युटरचा कोर्स आहे" म्हणा. आपल्याकडं एमएससीआयटीपासून सगळं त्या एका शब्दात मावतं.

प्रवेश घेताना काही प्रश्न तोंडावर येतील, ते गिळा. मागच्या बॅचमधले किती जण कुठल्या स्टुडिओत लागले, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. शिकवणाऱ्या सरांनी स्वतः एखादा गेम पूर्ण करून बाजारात आणलाय का, हे विचारणं तर त्याहून वाईट. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेमिंग विभागातली १,९०० माणसं घरी पाठवली, असं काही वाचलं असेल तर विसरून जा. ती अमेरिकेची गोष्ट. शिवाय त्या लोकांकडं आपल्या तालुक्याचं सर्टिफिकेट नव्हतं.

क्लास सुरू झाला की पहिला महिना डोनट. होय, डोनट. ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी वस्तू बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायला बसलेला जगातला जवळपास प्रत्येक माणूस आधी यूट्यूबवर बघून तो गुलाबी साखर ओतलेला गोल वडा बनवतो, तुम्हीही बनवा. वर्गातल्या एकानंही तो कधी खाल्लेला नसतो. एक जण विचारतो, "सर, त्याच्या ऐवजी आलुबोंडा चालते का?" सर म्हणतात, सिलॅबसमध्ये नाही. बाहेर ४५ अंश, आत चार जीबी रॅमची मशीन, आणि गेम बनवायचं इंजिन युनिटी उघडायला लागतं तेवढ्यात लाईन जाते. इन्व्हर्टरवर फक्त सरांचा पंखा.

दुसऱ्या महिन्यात हिरोला पळवायचं. सरांनी ग्रुपवर टाकलेला सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेतला कोड जसाच्या तसा चिकटवायचा. मग एक चमत्कार दिसेल: सरांच्या लॅपटॉपवर हिरो सुसाट पळतो आणि तुमच्या मशीनवर तोच हिरो रांगतो. झालंय असं की मशीन सेकंदाला साठ चित्रं काढत असेल तर एका चित्राला सतरा मिलीसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात बटण वाचायचं, हिरो सरकवायचा, तो भिंतीला धडकला का पाहायचं, आणि सगळं पुन्हा रंगवायचं. तुमचं मशीन सेकंदाला पंधराच चित्रं काढतं. हिरो दर चित्राला एक पाऊल टाकत असेल तर तो इथं पंधरा पावलं चालणार, तिथं साठ. म्हणून वेगाला दोन चित्रांमधल्या वेळेनं, म्हणजे डेल्टा टाइमनं, गुणायचं असतं. गुणाकार आहे, पाचवीचा. पण इथं गणित लागत नाही असं ठरलंय ना? सर सांगतील, "तुझी रॅम कमी आहे." नवीन मशीन घ्या. संत्र्याचा बहार येतोच आहे.

आता या धंद्यातले काही वाईट नाद सांगतो, त्यांपासून लांब राहा. पहिला नाद फुकटाचा. गोडो नावाचं इंजिन कायमचं फुकट आहे, ब्लेंडर फुकट आहे, अनरिअल नावाचं इंजिन तर तुमच्या गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत रुपयाही मागत नाही. गोडो साध्या मशीनवरसुद्धा चालतं. हे कळलं तर दीड लाखाचं मोल राहणार नाही.

दुसरा नाद आजीजवळ बसण्याचा. ती चिंचोके फोडून अष्टाचंग खेळायची. चार अर्ध्या चिंचोक्यांत दोन उताणे पडण्याची शक्यता ढोबळमानानं सोळात सहा, चारही उताणे किंवा चारही पालथे पडण्याची सोळात एकेक. म्हणून मोठं दान दुर्मिळ, म्हणून ते पडलं की आजी ओरडायची. गेम डिझाइनवाले याला बॅलन्सिंग म्हणतात आणि त्याचाच पगार घेतात. आजीकडं सर्टिफिकेट नाही, सोडून द्या.

तिसरा नाद सगळ्यात घातक: आपल्या वावराकडं बघण्याचा. समजा हरभऱ्याला पाणी द्यायचंय. थ्री फेज लाईन या आठवड्यात रात्रीची. दोन वाजता मोटार सुरू करायला निघालात, हातातल्या बॅटरीचा उजेड पाच मिनिटं पुरेल एवढाच. बॅटरी लावली तर साप दिसतो, पण उजेड संपतो. विझवली तर पलीकडच्या धुऱ्यावरनं रानडुकरं आत घुसतात. मध्येच डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, पडतो. सकाळी लाईन जाईपर्यंत किती सऱ्या भिजल्या, तेवढे गुण. एक साधन, दोन गरजा, वर घड्याळ: यातून खेळ उभा राहतो. कागदावर चौकटी आखून, तुरीचे दाणे डुकरं म्हणून मांडून आज रात्रीच तो खेळून बघता येईल. बघू नका. रानडुकरानं पीक खाल्लं तर पंचनामा करायचा, गेम नाही.

फायनल प्रोजेक्टला झोंबीच घ्या. असेट स्टोअरवरून, म्हणजे गेमच्या तयार वस्तूंच्या ऑनलाइन दुकानातून, झोंबी आणायचा, तिथूनच बंदूक, तिथूनच पडका अमेरिकन वाडा. वर्गातल्या सगळ्यांचा झोंबी एकच असतो, त्यामुळे परीक्षकालाही तपासायला सोपं जातं.

नोकरी लागलीच तर बहुतेक पुण्यात, टेस्टरची. दिवसभर हिरोला एकाच भिंतीवर आपटायचं आणि तो कुठल्या कोपऱ्यातून आरपार जातो ते लिहून ठेवायचं. काम कष्टाचं आणि खरं आहे, म्हणून माहितीपत्रकात त्याचा फोटो नसतो.

आणि एवढं सांगूनही कोणी तो डुकराचा गेम केलाच, तर पुढचा त्रासही ऐकून ठेवा. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. पण नव्या वैयक्तिक खात्याला गुगल अट घालतं: आधी बारा माणसांनी सलग चौदा दिवस टेस्टर म्हणून राहायला हवं. बारा माणसं तर पानठेल्यावर सकाळी खर्रा घोटून होईपर्यंत जमतात, आणि त्यांना चौदा दिवस दुसरं कामही नसतं. अडचण वेगळीच आहे. त्यातला एक जण मोबाईल परत देताना म्हणणार, "डुक्कर असं सरक्यात पयते का बे? थे आधी थांबते, हुंगते, मंग येते." आणि ते बरोबर असल्यामुळे तुम्हाला डुकराचा सगळा कोड पुन्हा लिहावा लागेल. डिप्लोमावाल्यांना असला ताप कुणी देत नाही.